पहिल्या पाळीचे मोल

श्रोतेहो, शाळेच्या मधल्या सुट्टीत मुले हुतूतू खेळायला जमली म्हणजे आधी भिडू वाटून घेतात. दोघे गडी पुढे होतात. एकजण खापरीची एक बाजू ओली करून ती वर उडवतो आणि विचारतो, ‘ओली की सुकी?’ ज्याचे बरोबर येईल त्याची पहिली पाळी. तो लगेच अंगापिंडाने थोराड पोराकडे बोट करतो. मग दुसऱ्याची पाळी, मग पुन्हा पहिल्याची, असे करता करता शेवटी एक किडकिडीत पोरगा भिंतीशी उभा राहतो. त्याला कोणी मागत नाही. तो वाट्याला येतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे दृश्य शेकडो वेळा पाहिले असेल. त्या शेवटच्या पोराच्या चेहऱ्याकडेही कधी लक्ष गेले असेल.

हाच भिडू वाटून घेण्याचा खेळ अमेरिकेत मोठी माणसे खेळतात, आणि कोट्यवधी डॉलर लावून खेळतात. त्याला तेथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. हा बँकेचा ड्राफ्ट नव्हे बरे का! व्यावसायिक फुटबॉलचे संघ दर वर्षी कॉलेजांतून बाहेर पडणारे तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडून घेतात, त्या निवडीचे हे नाव. तेथला फुटबॉलही आपल्या फुटबॉलहून निराळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायाने कमी आणि हातानेच अधिक खेळतात. चेंडू काखेत मारून पळायचे, नाही तर पुढे धावणाऱ्या गड्याकडे फेकायचा, आणि समोरच्यांनी त्याला धरून आडवे करायचे. चेंडू फेकणारा जो मुख्य गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो संघाचा कारभारी. त्याच्या एकट्याच्या हातावर सगळ्या घराचा कारभार चालतो, म्हणून त्याच्यासाठी सगळ्यात जास्त ओढाताण.

आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटपटूंचा लिलाव होतो, तो तुम्हांला माहीत आहे. तेथे पैसा बोलतो. ड्राफ्टमध्ये पाळी बोलते. गेल्या वर्षी जो संघ सगळ्यांत जास्त हरला त्याची पहिली पाळी, जो जिंकला त्याची शेवटची. सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक फेरी पुरी झाली, मग दुसरी फेरी. आणि पाटाच्या पाण्याची पाळी आपण जशी शेजाऱ्याशी बदलून घेतो, तशी ही पाळीही बदलता येते, देता येते, आणि पुढच्या वर्षीची पाळी आजच गहाण टाकता येते. आजची सगळी कथा या गहाणाचीच आहे.

या रिवाजाचा जनक बर्ट बेल. फिलाडेल्फिया शहरातल्या सुखवस्तू घराण्यातला हा गृहस्थ ‘ईगल्स’ नावाच्या संघाचा मालक होता, आणि त्याचा संघ सारखा हरत होता. त्या काळी कोणताही खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शके. साहजिकच चांगली पोरे शिकागो, न्यूयॉर्क अशा नावाजलेल्या, पैसेवाल्या संघांकडे जात आणि दुबळा तो अधिक दुबळा होई. मे १९३५ मध्ये मालकांच्या बैठकीत बेलने सांगितले, की दुबळ्याला पहिली निवड द्या, म्हणजे सामने चुरशीचे होतील आणि लोक तिकिटे काढतील. शिकागोचे जॉर्ज हॅलस आणि न्यूयॉर्कचे टिम मारा यांचे यात नुकसान होते. तरीही त्यांनी मान्यता दिली. व्यवहारी माणसे होती. समोरचा संघच बुडाला तर खेळायचे कोणाशी, एवढे त्यांना कळत होते.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली निवड झाली. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ नावे. खेळाडू प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची पद्धत नव्हती. वर्तमानपत्रांतून, मासिकांतून आलेली नावे फळ्यावर लिहिली होती; टिम मारा यांचा मुलगा वेलिंग्टन गावोगावची वर्तमानपत्रे मागवून कात्रणे ठेवी, तोच त्यातल्या त्यात माहीतगार. पहिली पाळी अर्थातच बेलच्या ईगल्सची. त्यांनी घेतला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. आदल्याच वर्षी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून त्याला मोठा करंडक मिळालेला. पण त्याचा पगार झेपेना, म्हणून बेलने त्याचा हक्क शिकागोच्या संघाला देऊन टाकला. बरवँगरने हॅलसकडे दोन वर्षांचे २५,००० डॉलर मागितले. हॅलसने मान हलवली. मग या पठ्ठ्याने फुटबॉलच सोडला आणि तो फोम रबर विकू लागला. तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. त्याचा तो करंडक म्हणे त्याच्या मावशीच्या घरी दाराला अडसर म्हणून ठेवलेला असे.

म्हणजे पाहा, पहिल्याच निवडीतली पहिलीच पाळी वाया गेली. त्या १९३६ च्या हंगामात ईगल्स बारांपैकी अकरा सामने हरले. दुबळ्याला दिलेले दान त्याला लाभलेच असे नाही, हे पहिल्याच वर्षी दिसले होते. पण ते समजून घ्यायला पुढची सत्तर वर्षे लागली.

आता तुम्ही म्हणाल, पहिली पाळी मिळाली तर नुकसान काय? चांगलाच गडी मिळणार ना? श्रोतेहो, येथेच गोम आहे. आंब्याच्या पहिल्या पेटीचे उदाहरण घ्या. फाल्गुनात बाजारात जी पहिली पेटी येते तिला वाटेल तो भाव मिळतो. आंबा तोच, पंधरा दिवसांनी निम्म्या भावात मिळणारा. कधी कधी तर ती पहिली पेटी आंबटच निघते. पण घेणाऱ्याला आंब्यापेक्षा ‘आम्ही पहिल्यांदा आणला’ याची हौस अधिक. माणसांची गोष्ट आंब्याने सांगू नये हे खरे. पण संघमालकांनी व्यवहार तसाच केला, त्याला मी काय करू?

सुरुवातीला भाव चढला तो स्पर्धेने. १९६० मध्ये दुसरी एक फुटबॉल संघटना निघाली आणि दोन्हींकडून तरुणांना ओढण्याची चढाओढ लागली. जानेवारी १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या जेट्स संघाने जो नेमथ या क्वार्टरबॅकशी ४ लाख २७ हजार डॉलरचा करार केला, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. अखेर दोन्ही संघटनांनी समेट केला आणि १९६७ पासून निवड एकत्र होऊ लागली. पण एकदा चढलेला भाव पुरता खाली आला नाही. पहिल्या पाळीच्या पोराला सगळ्यांत जास्त द्यायचे, हा रिवाज पडून गेला.

याच्या विरुद्ध दिशेने चालणारी माणसेही निघाली, आणि गंमत अशी, की त्यांतले दोघे एकाच शहरातले. वॉशिंग्टनच्या संघाला १९७१ मध्ये जॉर्ज ॲलन हे प्रशिक्षक लाभले. त्यांचा हिशेब सरळ. कॉलेजातला पोरगा पुढे काय दिवे लावील कोण जाणे. दहा वर्षे मैदान गाजवलेला गडी कसा आहे ते आपण डोळ्यांनी पाहतो. म्हणून ते आपल्या वरच्या फेऱ्यांतल्या पाळ्या सरसकट देऊन टाकीत आणि त्यांच्या बदल्यात इतर संघांचे जुने, मुरलेले खेळाडू घेत. १९७१ ते १९७७ या सात वर्षांत वॉशिंग्टनने पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. लोक या संघाला म्हाताऱ्यांची टोळी म्हणून हसत. त्या म्हाताऱ्यांनी १९७२ च्या हंगामात अंतिम सामना गाठला. तेथे मायामीने त्यांना १४–७ असे हरवले. ॲलन यांना पाळ्या देण्याची इतकी खोड, की एकदा त्यांनी एकच पाळी दोघांना दिली आणि दंड भरला!

पण ॲलन यांच्या वाटेत एक खाचखळगा होता. म्हातारे म्हातारेच. ते दमले की कोठारात बियाणे नाही. ॲलन गेल्यावर १९७८ मध्ये कारभार बॉबी बेथर्ड यांच्याकडे आला. बेथर्डही पहिल्या फेरीच्या पाळ्या देऊन टाकीत; पण म्हाताऱ्यांसाठी नव्हे, तर खालच्या फेऱ्यांतल्या अधिक पाळ्यांसाठी. हा माणूस स्वतः कॉलेजाकॉलेजांतून हिंडलेला. त्याचे म्हणणे, की पहिल्या फेरीतले पोर सगळ्यांनाच दिसते, त्याला डोळे लागत नाहीत. मला चौथ्या-पाचव्या फेरीत चार पाळ्या द्या, चारांतले दोन मी उभे करतो. आपल्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी पहिल्या फेरीत फक्त तीन खेळाडू घेतले: १९८० मध्ये आर्ट मंक, १९८१ मध्ये मार्क मे आणि १९८३ मध्ये डॅरेल ग्रीन. ग्रीन तर त्या फेरीचा अगदी शेवटचा, अठ्ठाविसावा. तो पुढे वीस हंगाम वॉशिंग्टनकडूनच खेळला. जो जेकबी नावाच्या धिप्पाड गड्याला तर १९८१ मध्ये कोणीच निवडले नव्हते; त्याला बेथर्डच्या संघाने बोलावून घेतले आणि तो वर्षानुवर्षे संघाची भिंत होऊन राहिला. वॉशिंग्टनने १९८२ आणि १९८७ च्या हंगामांत विजेतेपद मिळवले.

हीच विद्या दुसऱ्या रीतीने पिट्सबर्गच्या संघाने साधली. तेथे बिल नन हे काळ्या लोकांच्या वर्तमानपत्राचे पत्रकार खेळाडू शोधण्याच्या कामी होते. दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या लहान कॉलेजांकडे इतर संघ फारसे फिरकत नसत. नन यांचा तेथे राबता. अलाबामातल्या अशाच एका कॉलेजातल्या जॉन स्टॉलवर्थची धाव इतरांनी ओल्या गवतावर मोजली आणि ‘संथ आहे’ म्हणून ते निघून गेले. नन यांनी म्हणे ‘प्रकृती बरी नाही’ सांगून मुक्काम वाढवला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जागेवर त्याची धाव पुन्हा मोजली. १९७४ मध्ये हा स्टॉलवर्थ पिट्सबर्गला चौथ्या फेरीत मिळाला. त्याच वर्षी त्यांना दुसऱ्या फेरीत जॅक लॅम्बर्ट, पाचवीत माइक वेबस्टर आणि पहिल्या फेरीत लिन स्वॉन मिळाले. चौघांचीही नावे पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात लागली.

आता बेथर्ड यांच्याकडे परत येऊ, कारण खरी कहाणी पुढेच आहे. वॉशिंग्टन सोडून ते १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या ‘चार्जर्स’ संघाचे कारभारी झाले. १९९८ मध्ये त्यांच्याकडे तिसरी पाळी होती. त्या वर्षी दोन क्वार्टरबॅकांची नावे सगळीकडे गाजत होती: पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. मॅनिंग बरा की लीफ, यावर शहाणेसुरते लोक महिनोन्महिने वाद घालीत होते. तिसरी पाळी असताना दोघेही हातचे जातील, या धास्तीने सॅन डिएगोने ॲरिझोनाकडून दुसरी पाळी घेतली. एक पायरी वर चढण्यासाठी दिले काय? स्वतःची तिसरी पाळी, दुसऱ्या फेरीतली एक पाळी, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली पाळी आणि वर दोन खेळाडू. पहिल्या फेरीच्या पाळ्या आयुष्यभर हसत हसत देऊन टाकणाऱ्या माणसाने हे केले! मॅनिंगला इंडियानापोलिसने आधीच उचलले. लीफ सॅन डिएगोला आला. त्याच्याशी सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरचा करार झाला. त्यातले १ कोटी १२ लाख ५० हजार सहीच्या वेळचेच.

लीफ तेव्हा बावीस वर्षांचा. पहिल्या हंगामात त्याने आपल्या गड्यांना गुण मिळवून देणाऱ्या दोन फेकी केल्या आणि पंधरा फेकी शत्रूच्या हाती दिल्या. लोक चिडले, तो लोकांवर चिडला, दुखापती झाल्या. २००० च्या हंगामात संघ सोळांपैकी पंधरा सामने हरला. पुढे या तरुणाच्या मागे वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन लागले, तुरुंगवास घडला. २०१४ अखेर सुटल्यानंतर तो सावरला आणि आपली कहाणी उघडपणे सांगू लागला. त्याची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. पण जो पोरगा पाचव्या फेरीत येतो त्याला चुका करायला, बाकावर बसून शिकायला दोन वर्षे मिळतात. दुसऱ्या पाळीवर ३ कोटींना आलेल्या पोराला पहिल्या रविवारीच मैदानात जुंपतात, कारण मोजलेले पैसे मालकाला स्वस्थ बसू देत नाहीत.

सॅन डिएगोची ही गोष्ट येथे संपत नाही. तितके सामने हरल्यामुळे २००१ मध्ये पहिली पाळी त्यांचीच आली. समोर मायकेल विक हा वाऱ्यासारखा पळणारा क्वार्टरबॅक होता. पण बेथर्ड एव्हाना निवृत्त झाले होते आणि नवे कारभारी दुधाने तोंड पोळलेले. त्यांनी पहिली पाळी अटलांटाला दिली. बदल्यात त्यांची पाचवी पाळी, तिसऱ्या फेरीतली एक, पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली एक आणि एक खेळाडू घेतला. पाचव्या पाळीवर त्यांनी लाडेनियन टॉमलिन्सन निवडला. मग दुसऱ्या फेरीच्या अगदी आरंभी, बत्तिसावा म्हणून, ड्रू ब्रीज नावाचा उंचीने कमी म्हणून मागे राहिलेला क्वार्टरबॅक. टॉमलिन्सन त्या पिढीतला सर्वांत गाजलेला धावपटू ठरला. ब्रीज पुढे न्यू ऑर्लिन्सला गेला आणि २००९ च्या हंगामात त्याने त्या शहराला पहिले विजेतेपद मिळवून दिले.

न्यू ऑर्लिन्सचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९९९ मध्ये तेथले प्रशिक्षक माइक डिट्का यांनी पाचव्या पाळीसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या पाळ्या आणि वर पुढच्या वर्षीच्या दोन पाळ्या वॉशिंग्टनला देऊन टाकल्या. एका रिकी विल्यम्ससाठी अख्खे शेत गहाण! एका मासिकाच्या मुखपृष्ठावर तर डिट्का नवऱ्याच्या आणि विल्यम्स नवरीच्या पोशाखात झळकले. हंगामात तीन विजय, तेरा पराभव. डिट्कांची नोकरी गेली. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता हो. पुढे मायामीकडून तो फार सुंदर खेळला. पण बाकीचे दहा गडी कोठून आणायचे?

समोरच्याच्या अशा हौसेवर कोणी घर बांधले असेल तर ते डॅलसच्या ‘काउबॉइज’ संघाने. हा संघ हिशेबी खरा. १९६० च्या दशकातच त्यांनी खेळाडू पारखायला संगणक आणला होता, आणि त्याची आकडेमोड बसवणारे गृहस्थ होते सलाम कुरेशी, मूळचे आपल्या भारतातले. त्यांना क्रिकेट ठाऊक. अमेरिकन फुटबॉल ठाऊक नव्हता. त्याने काही बिघडले नाही असे दिसते. पुढे हा संघ पडत्या काळात सापडला, तेव्हा जिमी जॉन्सन या नव्या प्रशिक्षकाने १२ ऑक्टोबर १९८९ रोजी आपला एकुलता एक नामवंत खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात पाच खेळाडू व पाळ्यांचा ढीग घेतला. त्या हंगामात डॅलसने एकच सामना जिंकला. लोकांनी जॉन्सनला वेड्यात काढले. पण त्या पाळ्या पेरून, बदलून, पुन्हा पेरून त्याने एमिट स्मिथसारखे गडी मिळवले, आणि १९९२, १९९३ व १९९५ च्या हंगामांत डॅलस विजेता ठरला. वॉकर असताना मिनेसोटाला अंतिम सामना काही दिसला नाही.

१९९१ मध्ये डॅलसने पाळ्यांचा एक भावफलकच केला. संघाचे एक भागीदार माइक मॅकॉय यांनी मागचे सौदे पाहून प्रत्येक पाळीला गुण दिले: पहिल्या पाळीला ३०००, सोळाव्या पाळीला १०००. हळूहळू सगळ्याच संघांनी हा फलक भिंतीवर लावला. त्यात बाजारात काय भाव चालतो ते होते. माल किती किमतीचा आहे, ते नव्हते. बाजारभाव आणि खरे मोल एकच असते तर शेतकऱ्याला एवढी विवंचना का असती?

हा फरक मोजला केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी. त्यांचा निबंध प्रथम २००५ मध्ये बाहेर आला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या निबंधाचे नाव मराठीत सांगायचे तर ‘हरणाऱ्याचा शाप’. त्यांनी विचारले, की खेळाडूच्या पगारामागे संघाच्या पदरात काम किती पडते? १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे, म्हणून एकावर जास्त उधळले की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणार. त्यांना असे दिसले, की पहिल्या पाळीचा गडी सरासरीने अधिक चांगला असतो खरा, पण त्याची किंमत त्याच्या कामापेक्षा कितीतरी वेगाने चढलेली असते. पगार वजा जाता सगळ्यांत जास्त शिल्लक उरते ती दुसऱ्या फेरीच्या आरंभीच्या खेळाडूंत. म्हणजे ब्रीज निवडला गेला त्याच जागी. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घ्या. त्यांतला आधी निवडलेला सरस ठरण्याचा संभव शंभरात ५२. ओली की सुकीपेक्षा दोनच घरे बरे! आणि एवढ्या फरकासाठी सॅन डिएगोने पुढच्या वर्षाचे पीक देऊन टाकले होते.

पुढच्या वर्षाचे पीक असे मी मुद्दाम म्हणतो. पूर्वी गावात सावकार सवाई-दिढीने धान्य देई. पेरणीला एक पोते न्या, सुगीला सव्वा, नाही तर दीड आणून घाला. त्या दिढीने किती घरे बसली ते वडीलधाऱ्यांना विचारा. फुटबॉलच्या मालकांचा दर मॅसी-थेलर यांनी काढला. आज दुसऱ्या फेरीतली पाळी हवी असेल तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली द्यावी लागते. हिशेब केला तर व्याज वर्षाला शंभर टक्क्यांच्याही वर जाते. आपल्या सावकाराला लाज वाटावी असा हा दर कोट्यधीश लोक राजीखुशीने भरतात! कारण प्रशिक्षकाला नोकरी या वर्षी टिकवायची असते. पुढच्या वर्षीचे कर्ज पुढचा प्रशिक्षक फेडील.

या अवधीत पहिल्या पाळीचा पगार कोठवर गेला होता ते ऐका. २००७ मध्ये ओकलंडने पहिल्या पाळीवर जमार्कस रसेल घेतला; त्याला ३ कोटींहून जास्त डॉलर हमीचे. तीन हंगामांनी, मे २०१० मध्ये, त्याला सोडून दिले. त्याच २०१० साली सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख, त्यांत ५ कोटी हमीचे. एकही सामना न खेळलेल्या पोराला हे मिळते आणि पंधरा वर्षे हाडे झिजवलेल्याला मिळत नाही, म्हणून जुने खेळाडूही कुरकुरू लागले. अखेर २०११ च्या करारात नवख्यांच्या पगाराची श्रेणी ठरवण्यात आली. त्या वर्षीचा पहिला, कॅम न्यूटन, याचा करार चार वर्षांचा आणि २ कोटी २० लाखांचा झाला. पहिली पाळी एका रात्रीत स्वस्त झाली.

मग रोग गेला का? पगार उतरला, वर चढण्याची हौस नाही उतरली. उलट आता क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो म्हणून चढाओढ आणखीच वाढली. आणि पुन्हा आपले वॉशिंग्टनच पुढे! थेलर यांनी आपले निष्कर्ष या संघाच्या मालकांच्या कानावर घातले होते, असे ते स्वतः लिहितात. तरीही २०१२ मध्ये सहाव्या पाळीवरून दुसरीवर चढण्यासाठी वॉशिंग्टनने सेंट लुइसच्या ‘रॅम्स’ संघाला त्या वर्षीची व पुढच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची पाळी, आणि वर दुसऱ्या फेरीतली एक, असे सगळे दिले. रॉबर्ट ग्रिफिन आला, पहिले वर्ष त्याने अक्षरशः गाजवले, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गुडघा गेला. तो पुन्हा तसा धावला नाही. त्याच निवडीत वॉशिंग्टनने चौथ्या फेरीत सहज म्हणून घेतलेला कर्क कझिन्स पुढे त्यांचा कारभारी झाला.

७ डिसेंबर २०१४ रोजी रॅम्सचा संघ वॉशिंग्टनच्या मैदानावर खेळायला आला. सामन्याआधी नाणेफेकीला दोन्हींकडचे कर्णधार मध्यभागी जातात. त्या दिवशी रॅम्सच्या प्रशिक्षकाने सहा जणांना पाठवले. ते सहाही जण ग्रिफिनच्या सौद्यात मिळालेल्या पाळ्यांतून आलेले! वॉशिंग्टनच्या लोकांनी आपले गहाण टाकलेले शेत असे ओळीने उभे राहिलेले पाहिले. रॅम्सने तो सामना २४–० असा जिंकला.

श्रोतेहो, एकच बाजू सांगितली तर ते न्यायाचे होणार नाही. वर चढणे नेहमीच तोट्याचे नसते. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी देऊन सत्ताविसाव्या जागेवरून दहावीवर उडी घेतली आणि पॅट्रिक महोम्स घेतला. त्याला त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ पूर्ण बाकावर बसवून शिकवले. तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम ठरला. पण त्याच वर्षी, त्याच्या आधी, शिकागोनेही वर चढून दुसऱ्या पाळीवर मिच ट्रुबिस्की घेतला होता, आणि तो चार वर्षांत शिकागो सोडून गेला. दोन्ही संघांकडे पारखी होते, चित्रफिती होत्या, संगणक होते.

शेवटी सॅन फ्रान्सिस्कोची हकीकत सांगतो. २०२१ मध्ये या संघाने बाराव्या पाळीवरून तिसरीवर जाण्यासाठी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या आणि तिसऱ्या फेरीतली एक दिली व ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक निवडला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा घोटा मोडला. डिसेंबरात दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या पायाला दुखापत झाली. मग उरला तिसरा, ब्रॉक पर्डी. हा पर्डी त्याच वर्षीच्या निवडीत २६२ वा, म्हणजे सगळ्यांत शेवटचा. शेवटच्या खेळाडूला तेथे थट्टेने ‘बिनमहत्त्वाचे महाशय’ म्हणतात, आणि १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या एका गावी त्याची गमतीची मिरवणूकही निघते. चार वर्षांचे मिळून सदतीस लाख डॉलरच्या आसपास, एवढाच त्याचा करार. खापरी उडवून झाल्यावर भिंतीशी उभा राहिलेला तो पोरगा!

पर्डी मैदानात उतरला आणि संघ जिंकतच गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये लान्सला सॅन फ्रान्सिस्कोने चौथ्या फेरीतल्या एका पाळीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकले. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास व्हेगासला अंतिम सामना झाला. एका बाजूला कॅन्सस सिटीचा महोम्स, दुसऱ्या बाजूला पर्डी. नेमलेल्या वेळेत बरोबरी झाली, वेळ वाढवून दिली, आणि महोम्सच्या संघाने २५–२२ असा विजय मिळवला. पुढे मे २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पर्डीशी नवा करार केला, पाच वर्षांचा, २६ कोटी ५० लाख डॉलरचा.